चोडणचा बांध

बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरावा, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाऊल ठेवावे आणि मांडवी ओलांडून चोडण बेटावर धाकट्या बहिणीकडे दोन दिवस राहावे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. या खेपेस धक्क्यावर भाची न्यावयास आली होती. ती पदवीच्या वर्गात शिकते. घरी न नेता तिने आम्हांस थेट खाजनाच्या बांधावर नेले.

खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली सखल जमीन. माती, पेंढा आणि जांभा दगड यांचा हा बांध असतो व त्यात लाकडी दारांची मानस बसविलेली असते. भरतीच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना बाहेर लोटते. कोणी हात लावावा लागत नाही! पावसाने क्षार धुऊन गेला म्हणजे खारटपणा सोसणारे कोरगूट भात पेरावयाचे, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरावयाची. शतकानुशतके गावकारीने ही व्यवस्था सांभाळली. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती हळूहळू कुळांच्या संघांकडे गेली, आणि पुष्कळ ठिकाणी कोणाचीच उरली नाही.

मेहुण्यांच्या शेतालगतचा बांध आठ वर्षांपूर्वी फुटला. शेत खारावले, पडीक पडले, आणि त्यात तिवरांचे रान माजले.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय महाविद्यालयांतून सक्तीचा झाला आहे. भाचीने तो प्रथम उत्तीर्ण होण्यापुरताच घेतला. (नोकरी न देणाऱ्या विद्येची थट्टा करणाऱ्यांत आम्हीही होतो.) परंतु तिवरांची मुळे गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात, हे वाचून ती चकित झाली. या बेटावर १९८८ पासून सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. बालपणापासून त्याच्या शेजारून ती जात आली, आणि ते तिला दिसले मात्र पुस्तकातून! मग एके दिवशी मेहुण्यांनी शेतातल्या तिवरावर कोयता उगारताच ती आडवी झाली.

"पप्पा, परवानगीवाचून हे तोडणे गुन्हा आहे."

"माझ्या बापाच्या शेतात?"

बापलेकीचा अबोला महिनाभर टिकला. बहीण मध्ये रडकुंडीस आली.

पुढे वर्गाची क्षेत्रभेट नेमकी याच गावी आली. मानशीची राखण करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा एका वृद्धांनी मुलांचे सारे ऐकून घेतले आणि म्हटले, "बांधाबाहेरचे तिवर आमचे राखणदार, बाय. आत वाढले, की बांध मेला असे समजावे."

"मामा," भाची आम्हांस म्हणाली, "माणसाने हात काढून घेतला की निसर्ग सुखी होतो, असे मला वाटत होते. येथे आठ वर्षे कोणी हात लावला नाही. कोरगूट गेले, आता शेजारच्या विहिरीचे पाणीही मचूळ लागते."

तरीही कोयता उचलावा असे ती म्हणत नाही. त्या रानात आता बगळे बसतात, मासळीची पिलेही असतील. बांध आधी बुजवावा आणि झाडांचे काय ते रीतसर परवानगी मागून ठरवावे, असे तिचे मत. मेहुण्यांना ते पटलेले नाही. परंतु अबोला मात्र सुटला आहे.

सायंकाळी ओहोटी होती. भगदाडातून पाणी खळाळत बाहेर पडत होते. मेहुण्यांनी कडेकडेने चालत त्याची रुंदी पावलांनी मोजली, बावीस भरली. भाचीने ती वहीत टिपून घेतली आणि खालच्या पानावर खातेदारांची नावे लिहू लागली. अकरांपैकी पाच मुंबईस असतात, दोघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. "आईला विचारते," असे म्हणून ती घराकडे वळली.