केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसले की लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने एकामागून एक मागे पडतात आणि मग केडगाव येते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबताच निघून जातात. दोन्ही अंगांना उसाचे मळे, आणि हंगाम असला तर गुऱ्हाळांचा धूर व वाऱ्यावर येणारा ताज्या गुळाचा वास! परगावचा माणूस या फलाटावर उतरला, की तो बहुधा दोहोंपैकी एका कामासाठी आलेला असतो. नारायणमहाराजांच्या बेटावर दत्तदर्शनाला, नाही तर 'मुक्ती'ला. रिक्षावाला चेहरा पाहूनच विचारतो, "बेट की मुक्ती?" एका स्टेशनावर उतरून माणसे दोन दिशांना पांगतात, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत पुन्हा एकाच बाकावर येऊन बसतात.

आम्ही मुक्तीला निघालो होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शेजारच्या बाई. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले. एकटीने राहणे झेपेना, म्हणून चाळीस वर्षांचे बिऱ्हाड मोडून त्या मुलीकडे बंगलोरला जायच्या होत्या. भांडी वाटून झाली, शिवणयंत्र गेले, तुळई हललेला जुना पलंग रद्दीवाल्यानेसुद्धा कुरकुरत नेला. उरले होते एक जाडजूड पुस्तक. ते त्यांनी पिशवीत घातले आणि मला म्हणाल्या, "वहिनी, एक दिवस माझ्याबरोबर केडगावला याल का? हे तिथं देऊन टाकायचंय. तिकडे नातवंडांना मराठी वाचता येत नाही. माझ्यामागे त्याची रद्दी व्हायला नको."

पुस्तक होते पंडिता रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल. बाईंच्या आजीचे! ही आजी १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी एक. स्वतःचे गाव कोणते, आईचे नाव काय, हे तिला शेवटपर्यंत आठवले नाही. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला ती शिकली आणि याच पुस्तकाची काही पाने तिच्या हातून जुळली, असे घरात सांगत.

रमाबाईंचे नाव आपण सर्वांनीच शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. संस्कृतची अगाध विद्वत्ता, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदे, आणि पुढे धर्मांतर. एवढ्यावर धडा संपतो. पण केडगावच्या वाटेवर त्यांचे चरित्र मनाशी उजळू लागले, की बिरुदांपेक्षा मृत्यूंचीच मोजदाद आधी होते. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने विशीच्या आतच दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष पत्करला होता. उरलेला भाऊ श्रीनिवास. त्याच्याबरोबर ती पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. दोन वर्षांत भाऊही गेला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने परजातीत विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही पुरी न झालेली. तेव्हा रमाबाईंचे वय होते अवघे तेवीस!

१८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्यांनी निमूट मान तुकवली असे मात्र नाही. शाकाहार सोडला नाही, आणि पटत नाही ते सिद्धांत मानणार नाही म्हणून तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. बाप्तिस्मा घेतला म्हणजे मनाला लगेच शांती लाभते, असे ही बाई कुठेही म्हणत नाही. मला त्यांचा हा सच्चेपणा फार आवडतो.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. पण सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा गवगवा झाला आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. धर्म शिकवणार नाही असे सांगून काढलेल्या संस्थेत मुलींना प्रार्थनेला येऊ द्यावे की नाही, हा वाद खरा होता आणि दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती. रमाबाई मात्र एकट्या पडल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील पोरींची दैना कानी आली, आणि वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना आठवली. त्या उठून तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, एवढ्या मुलींना शहरात ठेवू देईनात. सदनाच्या खर्चासाठी फळबाग करावी म्हणून केडगावला घेतलेली जमीन होती. तिथेच मुली नेल्या. आधी राहुट्या, झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दीड हजारांवर गेली. विणकाम, तेलाची घाणी, दुधाचा धंदा, शेती, छापखाना. हरएक काम बायकांच्या हाती! मनोरमेने अमेरिकेत ब्रेल शिकून येऊन इथल्या अंध मुलींना वाचायला शिकवले.

आम्ही फाटकापाशी नावे लिहिली आणि आत गेलो. मोठी झाडे, बैठ्या इमारती, प्रशस्त प्रार्थनामंदिर. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. निराधार स्त्रिया, मुली आणि अंध भगिनी यांचे हे घर आजही नांदते आहे. एक म्हातारी अंध आजी भिंतीच्या आधाराने उन्हाला बसली होती. बाईंच्या चपलांचा आवाज ऐकून तिने विचारले, "कोण गं, नवीन आलीस का राहायला?"

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग खाली तिच्याजवळ बसत म्हणाल्या, "नाही आजी. दुसरीकडे चाललेय राहायला."

"कुणाकडं?"

"लेकीकडं."

"मग रडतीस कशाला? माझी लेक असती तर मी पळत गेले असते."

बाई रडत होत्या हे मी, शेजारी उभी असून, पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने आजीनेच काहीतरी वाचून दाखव म्हटले. बाईंनी पिशवीतले पुस्तक काढले आणि ईयोबाची गोष्ट वाचली. ईयोबाची मुलेबाळे, धन, आरोग्य सारे जाते. मित्र येऊन त्याला कारणे समजावतात, आणि देव शेवटी त्या मित्रांनाच रागे भरतो. 'असे का झाले?' याचे उत्तर ईयोबाला अखेरपर्यंत मिळत नाही. मी ख्रिस्ती नाही. पण ती साधी, बायकांना कळेलशी मराठी कानावर पडत होती, तेव्हा रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून इतकी वर्षे या कामात का घातली असतील, ते थोडे उमगले. दुःखाची कारणे त्यांनी कुणाला सांगितली नाहीत. भुकेल्या पोरीला आधी भाकरी दिली, मग अक्षर, मग हाताला काम, आणि जिचा आपल्याला आधार वाटला ती गोष्ट तिच्या भाषेत तिच्या हाती ठेवली.

आवारात रमाबाईंची साधी कबर आहे. तेथे उभे राहून बाईंनी मला शेवटच्या वर्षाची हकिकत सांगितली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती मनोरमा १९२१ च्या जुलैत, चाळिशीतच वारली. कान गेलेले, शरीर थकलेले, आणि एकुलती लेक गेलेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ते काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.

"त्यांना दुःख झालं नसेल का हो?" मी विचारले.

"झालंच असेल की," बाई म्हणाल्या. "श्रद्धा असली की दुःख होत नाही, असं मलाही किती जणांनी सांगितलं. यांना पुरून आलो त्या दिवशीसुद्धा! होतं हो दुःख. पण ते सांगायला कुणीतरी आहे, आणि उद्या सकाळी उठून करायचं काहीतरी आहे, एवढं त्या श्रद्धेनं होतं. मला तरी एवढंच ठाऊक आहे."

कार्यालयात आम्हांला चहा मिळाला. तिथल्या ताईंनी पुस्तक हातात घेऊन पहिले पान उलटले, आजीची सही पाहिली आणि विचारले, "देताय ना?"

बाईंनी पुस्तक परत मागून घेतले. "आत्ता नको," म्हणाल्या. "माझं अजून वाचून व्हायचंय. आणि नातीला मराठी शिकवायची म्हणजे घरात एक पुस्तक हवंच."

परतीच्या गाडीला गर्दी होती. बेटावरून आलेल्या एका कुटुंबाने सरकून आम्हांला जागा दिली आणि दत्ताचा प्रसाद हातावर ठेवला. बाईंनी तो खाल्ला, पिशवीतून गुळाची ढेप काढली आणि त्यांच्या लहानग्याला खडा फोडून दिला. यवत येईपर्यंत त्या बंगलोरच्या हवेची चौकशी करीत होत्या. त्या कुटुंबातील कुणीतरी तिथे नोकरीला होते म्हणे.