दादांचा रुमाल

आमच्या आजीच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे. इंदूरच्या जुन्या वाड्यातील कोठीचे, कपाटाचे आणि देव्हाऱ्यामागील फडताळाचे कुलूप त्या जुडग्यावाचून उघडत नसे. आणि आजी घरात कोठे आहे, हे त्याच्या किणकिणाटावरून सर्वांस कळे. हल्ली आमच्या घरी असे एक कपाट आले आहे की, जे आपली किल्ली आपणच बाळगते आणि आपले कुलूप आपणच काढते. गेल्या पावसाळ्यात ते रुसले आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. त्याचीच ही हकीकत.

हे कपाट म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा संगणक. दादांनी निवृत्तीनंतर घरातील मोडी कागदांची छायाचित्रे घेतली व एकेका कागदाचे बाळबोध लिप्यंतर करून त्यात साठविले. मूळ कागदांपैकी निम्मेअधिक पुढे वाळवीने खाल्ले. २०२३ साली दादाही गेले. होळकरांच्या काळापासून या गावी राहिलेल्या एका कुटुंबाची जी काही लेखी आठवण उरली, ती त्या एका डिस्कमध्ये. आणि तिची दुसरी प्रत काढून ठेवण्याचे शहाणपण आम्हांपैकी कोणासही सुचले नव्हते!

आषाढातील एका रात्री वीज कडाडली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्तीवाल्याने नवा बोर्ड बसविला. डिस्क शाबूत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण यंत्र सुरू होताच पडद्यावर मागणी आली ती ४८ आकड्यांची! "भाईसाहब, डिस्क तो ठीक है, मगर ताला लगा है," असे म्हणून त्याने हात वर केले.

आम्ही पुतण्यास फोन लावला. वडिलांचा संगणक त्यानेच मांडून दिला होता. तो म्हणाला, "काका, किल्ली जळलेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये होती. बाबांना मी ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवायला सांगितलं होतं. तो कागद शोधा." पुढे त्याने जे समजावून सांगितले, ते आमच्या भाषेत असे.

डिस्कवरील सारा मजकूर गुप्तलिपीत ठेवलेला असतो. विंडोजमध्ये 'बिटलॉकर' या नावाने ही सोय २००७ पासून आहे. मजकूर उलगडणारी किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या स्वाधीन असते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने तर अशी चिप आवश्यकच ठरविली. बटण दाबताच प्रथम बोर्डावरील मूळ आज्ञावली जागी होते. ती पुढच्या आज्ञावलीस कामास लावण्यापूर्वी तिचा गणिती ठसा काढून चिपच्या वहीत नोंदविते. ती पुढचीचा, असा क्रम चालतो. या वहीत खाडाखोड करता येत नाही. नवा ठसा जुन्या नोंदीत मिसळून नवी नोंद तयार होते. त्यामुळे मध्ये कोणी उपरा घुसला किंवा क्रम बदलला, तर अखेरची नोंद निराळी येते. नोंद जुळली तरच चिप किल्ली देते. शिवाय 'सिक्युअर बूट' नावाचा द्वारपाल आहेच; ज्या आज्ञावलीवर मान्यतेची सही नाही, तिला तो उंबऱ्याच्या आत घेत नाही.

हे ऐकताना आम्हांस दादांचेच बोलणे आठवत होते. जुन्या पत्राच्या माथ्यावरील मुद्रा ते कोणाचे हे सांगे. लांब कागदाच्या सांध्यांवर शिक्का असे, म्हणजे मध्ये तुकडा घुसडता येऊ नये. आणि शेवटी मोर्तब, म्हणजे पुढे कोणी अक्षर वाढवू नये. पहारा तोच, फक्त कारकून बदलला!

"पण चोराने सबंध संगणकच उचलून नेला तर?" आम्ही विचारले. पुतण्या हसला. तसे झाले तर चिपला सारे यथास्थित दिसते व ती किल्ली देऊन मोकळी होते. पुढे केवळ आपल्या परवलीच्या शब्दाचा अडसर उरतो. किल्ली तोवर यंत्राच्या स्मृतीत आलेली असते. आणि स्मृतीच्या चिपा गोठविल्यास त्यांतील मजकूर वीज गेल्यावरही काही काळ टिकतो, हे प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००८ सालीच दाखवून दिले आहे. म्हणून ज्यास अधिक जपावयाचे आहे, त्याने चिपला एक पिनही विचारावयास लावावा. सोय वाढली की राखण थोडी सैल होते, हे येथेही खरेच.

आम्ही तीन दिवस कपाटे, वह्या, पंचांगे धुंडाळली. चौथ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दादांचा रुमाल सोडून पाहिलात का?" वाळवीतून वाचलेले मोडी कागद ज्या तांबड्या रुमालात बांधलेले होते, त्याच्या तळाशी तो कागद निघाला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, दादांच्या वळणदार हस्ताक्षरात. पण हाय! वाळवीने येथेही आपली दस्तुरी घेतली होती. पाचव्या गटातील एक आकडा साफ नाहीसा झाला होता.

पुतण्यास सांगताच तो उत्साहाने म्हणाला, "काका, काळजी नको. यातला प्रत्येक गट ११ ने भागला जातो!" मग आम्ही शाळेतील कसोटी आठवली. खरे आकडे येथे देत नाही. समजा, गट ४२७?१८ असा आहे. एकाआड एक आकड्यांची बेरीज ४, ७, १ मिळून १२; उरलेल्या २ व ८ यांची १०. दोन्ही बेरजा जुळावयास हव्यात, तर हरवलेला आकडा २ च. दुसरा कोणताही आकडा तेथे बसत नाही. आम्ही थरथरत्या बोटांनी ४८ आकडे दाबले. क्षणभर पडदा काळा झाला. आणि मग दादांची नेहमीची फायलींची रांग समोर उभी राहिली. शेवटचे लिप्यंतर एका वाक्याच्या मध्येच थांबलेले होते. सौभाग्यवतींनी डोळ्यांस पदर लावला. आम्हीही बराच वेळ काही बोललो नाही.

आता त्या साऱ्या कागदांच्या दोन प्रती निराळ्या डिस्कवर काढल्या आहेत. एक घरी, एक बहिणीकडे वडोदऱ्यास. नव्या बोर्डाच्या चिपशी संगणकाची नव्याने ओळख करून दिली, पिनही घातला. ४८ आकड्यांचा कागद दोन ठिकाणी आहे आणि ती ठिकाणे पुतण्यास व सुनेस ठाऊक आहेत.

वाचकहो, आपल्या घरच्या संगणकासही बहुधा असे कुलूप असेल, आणि आपणांस त्याचा पत्ताही नसेल. घरातील तरुण मंडळींस आजच विचारा, आणि तो कागद कोठे ठेवला हे किमान दोघांस सांगून ठेवा. आमच्या आजीने जाण्यापूर्वी महिनाभर आधी तो जुडगा आईच्या हाती दिला होता, आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे एकेक करून दाखविलेही होते.