विक्रांतची मोजणी

आयुष्यातली बत्तीस वर्षे मी लोकांच्या जमिनी मोजल्या. सरकारी मोजणीदार म्हटले की साखळी, लालपांढरी काठी आणि बांधावर हमरीतुमरीवर आलेले दोन सख्खे भाऊ, हे चित्र ठरलेले. मोजून झाले की दोघांपैकी एकजण हमखास म्हणायचा, "साहेब, परत एकदा धरा की साखळी!" माणसाचा मापावर फार विश्वास असतो, फक्त ते त्याच्या बाजूने यावे लागते. निवृत्तीबरोबर ही कटकट संपली असे मी समजत होतो. पण गेल्या श्रावणात दादाच्या नातवाने मला चक्क युद्धनौका मोजायला बसवले.

युद्धनौकेचा आणि नरसोबाच्या वाडीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. इथे माणूस येतो तो दत्तदर्शनाला, आणि परत जाताना पेढे, बासुंदी नाहीतर कवठाची बर्फी घेऊन जातो. समुद्र राहिला घाटापलीकडे. पण आम्हां वाडीकरांना पाण्याकडे जावे लागत नाही, पाणीच आमच्याकडे येते. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पूर आला की पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि लोक त्या धारेत स्नानाला गर्दी करतात. बाकीच्या गावांत पूर आला की माणसे पळतात. आमच्याकडे आधी आंघोळ करून घेतात आणि मग पळतात.

अशा गावात वाढलेला माझा थोरला भाऊ नौदलात गेला आणि १९७१च्या युद्धात 'विक्रांत'वर होता. एवढे कळले की नवा माणूस खुर्ची पुढे ओढतो. "मग काय काय पाहिलंत हो तुम्ही?"

"काटा," दादा सांगतो.

"कसला काटा?"

"वाफेच्या दाबाचा."

दादा बॉयलर-रूममध्ये होता. 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरला चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, हे साऱ्या देशाला कळले. दादाला ते पोटात राहून सगळ्यांत शेवटी कळले. पाहुणा हळूच खुर्ची मागे घेतो.

तर या दादाच्या वाढदिवसाला त्याच्या नातवाने 'विक्रांत'ची प्रतिकृती करायला घेतली. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने प्रमाण धरले एकास सातशे. मूळ नौकेची लांबी सातशे फूट, म्हणजे प्रतिकृती बरोबर एक फुटाची. हा हिशेब ऐकून माझ्यातला मोजणीदार खूश झाला. पट्टीवर पट्टी ठेवावी इतके सरळ माप मला बत्तीस वर्षांत एकाही शेतात मिळाले नव्हते!

सहा महिने खपून त्याने नौका तयार केली. वहिनी म्हणाल्या, "इस्त्रीचं टेबल छान झालंय हो." विमानवाहू नौका आणि इस्त्रीचे टेबल यांत साम्य आहे, हे नाकारता येत नाही. मी भिंग, पट्टी आणि कंपास घेऊन बसलो. लांबी बरोबर. मनोरा उजव्या अंगाला, बरोबर. विमाने अंगठ्याच्या नखाएवढी, तीही बरोबर. सहा फुटी खलाशी या मापात तिळापेक्षा मोठा भरत नाही, त्यामुळे खलाश्यांना सूट दिली. मग दादाला बोलावले.

दादाने चष्मा पुसला, नौकेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "हिचं नाक वर कधी गेलं?"

पोराने फोटो पाहिले होते ते 'विक्रांत' मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हाचे. पुढचा तो चढ हॅरियर विमानांसाठी बसवलेला, तोही १९८०नंतरच्या दशकात. एकाहत्तर साली डेक सपाट होता आणि विमाने वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. पोराने मुकाट्याने करवत काढली. आणखी आठ दिवस गेले.

"आता?" मी विचारले.

"आता वरून बरोबर आहे. पण मी कुठाय?"

मी खाली वाकून पाहिले. नौका तळाला सपाट कापलेली होती. पोराने समजावले की हौशी लोक पुष्कळदा पाण्याच्या रेषेपासून वरचाच भाग करतात. टेबलावर ठेवली की टेबल समुद्र वाटतो. मी कागदावर आकडा मांडला. पाण्याखालचा भाग चोवीस फूट. म्हणजे आमच्या मापात जेमतेम एक सेंटिमीटर.

"त्या एका सेंटिमीटरात होतो मी," दादा म्हणाला. "चार बॉयलर. एकाला तडा गेलेला, त्यामुळे वेगावर मर्यादा. राहिलेले तीन लेकरासारखे सांभाळायचे. विमान वर जायचं ते आमच्या वाफेवर. पण इथं तर विमान आहे आणि वाफ नाही."

दादा एका दमात इतके बोललेला मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. आणि माझ्या लक्षात आले की आता परत साखळी धरायला मूळ नौका उरलेलीच नाही. १९९७ साली ती सेवेतून निवृत्त झाली, २०१२पर्यंत संग्रहालय होती, मग भंगारात निघाली. तिच्या पोलादातून बजाजने मोटारसायकलीसुद्धा काढल्या. २०२२ साली त्याच नावाची नवी नौका आली. पण ती २६२ मीटरची, तिच्याशी ताडून उपयोग काय? वादाची जमीनच नाहीशी झाली होती. साक्षीदार तेवढा समोर बसलेला.

एरवी पाण्याच्या रेषेवर वाडीकराइतका दुसरा कोणाचा अधिकार? २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुराची खूण आमच्या भिंतींवर आहे. रेषेच्या वर काय उरले ते पाहुण्यांना दिसते. रेषेखाली काय होते ते घरच्यांनाच ठाऊक. आणि मी, घरचाच असून, भिंग घेऊन वरच मोजत बसलो होतो!

पोराने आंब्याची फळी तासून एक सेंटिमीटर जाडीचा तळ केला आणि नौकेखाली चिकटवला. मग दादाने पेन्सिल मागितली. बराच वेळ अंदाज घेऊन त्याने त्या लाकडावर एक ठिपका दिला. "हा मी."

सवयीने मी भिंग लावले. पेन्सिल बोथट होती. ठिपका तिळाहून चांगला दुप्पट मोठा. आमच्या मापाने दादा बारा फूट उंच भरत होता. ही चूक दाखवणे माझे कर्तव्य होते. तोंड उघडणार, एवढ्यात वहिनींनी बासुंदीची वाटी पुढे केली.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाच्या बांधावर चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवशी मात्र दोन वाट्या बासुंदी खाल्ली आणि मोजणी बरोबर असल्याची सही करून दिली.