पडवीतली शाळा

दोन वर्षांपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून परतताना आमच्या नातीने आशीर्वादित झावळीचे पाते पुढे करून म्हटले, "आजोबा, याचा क्रूस विणून द्या ना!" आम्ही पाते हाती घेतले, पण बोटे जागीच थिजली.

आमचे वडील झाप विणून पावसाळ्यापूर्वी पडवी शाकारीत. आम्ही मात्र वसईहून मुंबईच्या कचेरीत ये-जा करण्यात हयात घालवली आणि मुलांना बजावीत राहिलो, "शिकला नाहीत तर वाडीत कुदळ मारावी लागेल!" कष्टाला शिक्षा ठरविण्याचे ते पाप आमचेच होते.

त्याच उन्हाळ्यात केळीचे घड ठेवण्याची जुनी पडवी आम्ही झाडून घेतली आणि शेजारच्या वाडीतील वृद्ध काकांना गळ घातली. "आता हे कोण शिकणार?" असे म्हणत ते आले. पहिल्या रविवारी धर्मग्रामातील चार मुले होती. पुढे ती वाढत गेली.

झाप विणायचा तर झावळी मधोमध चिरून पाण्यात भिजत घालावी लागते. त्यासाठी काका मुलांना बावखलाकडे घेऊन गेले. ते कचऱ्याने अर्धे बुजले होते. पावसाचे पाणी बावखलात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि विहिरींना गोडे पाणी पुरविते. उपसा वाढून हे पाणी खाली गेले की समुद्राचे खारे पाणी आत शिरते, हा धडा मुलांनी काठावर बसून ऐकला. मालकाच्या संमतीने चार रविवार त्यांनी कचरा उपसला. पुढे राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी उन्हात मांडली, तेव्हा मध्येच आभाळ भरून आले आणि अर्धी बुरसली. मुले हिरमुसली. काका एवढेच म्हणाले, "उन्हाला घाई करता येत नाही."

पोप पायस बारावे यांनी 1955 साली 1 मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. हे सारे आम्ही प्रवचनांत भक्तिभावाने ऐकले होते. नाझरेथच्या सुताराचे हात आम्हांला वेदीवर वंदनीय वाटत. आपल्या वाडीतले मातीने माखलेले हात मात्र आम्ही मुलांपासून लपविले. ही विसंगती आम्हांला पडवीत बसल्यावर उमगली.

यंदाच्या झावळ्यांच्या रविवारी नातीने आमच्यासाठी क्रूस विणला. त्याचा एक हात किंचित आखूड आहे. राखेच्या बुधवारापूर्वी जुन्या झावळ्या राखेसाठी चर्चमध्ये द्यायच्या असतात. हा क्रूस देताना मन मागे ओढ घेईल, हे आम्ही जाणतो. तरीही देऊ; कारण नवा विणणारे हात आता घरात आहेत.