काय ना, सर

मुख्याध्यापकाच्या खोलीत मुलाला बोलावून 'काय रे, काय झालं?' असे विचारले, की आमच्या भागातले मूल एकच उत्तर देते - 'काय ना, सर.' मान खाली, नजर पायाच्या अंगठ्याकडे, आणि हे तीन शब्द. डिचोली तालुक्यात शिक्षक होतो तेव्हा ते ऐकले. पेडणे तालुक्यात मुख्याध्यापक झाल्यावरही तेच ऐकतो आहे. मराठी घेऊन एम.ए. झालो, व्याकरण शिकवण्यात उमेद गेली. पण या तीन शब्दांचा अर्थ मला पन्नाशी ओलांडल्यावर कळला. तोही एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून सांगितला म्हणून.

गोष्ट २०१२ सालची आहे. त्या वर्षीच्या १० सप्टेंबरला राज्य सरकारने गोव्यातले खाणकाम थांबवले, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. सरहद्दीपलीकडच्या वाचकांना ही वर्तमानपत्रातली एक बातमी वाटली असेल. डिचोलीत राहणाऱ्यांना मात्र ती कानांनी कळली. रात्रंदिवस धडधडत जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांचा आवाज एकाएकी थांबला. रस्त्याकडेच्या झाडांवरची तांबडी धूळ पुढच्या पावसात धुऊन गेली. खाणीने डोंगर पोखरले, शेतात गाळ आणला, हे सारे खरेच होते. आम्हीच ते वर्गात शिकवत होतो. पण त्याच खाणीवर गावातल्या किती चुली पेटतात, याचा हिशेब आम्हां पगारदारांच्या डोक्यात कधी आला नव्हता. आमचा पगार दर महिन्याला होतच होता.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार नव्हे, पण चटपटीत. वर्गातला खडू संपला, तर सांगायच्या आधी आणून ठेवणारा. दिवाळीच्या सुटीनंतर हा मुलगा पहिल्याच तासाला झोपू लागला. बाकावर डोके टेकले, की गाढ. मी त्याला उठवले, दटावले, बाकावर उभे केले. 'रात्री टीव्ही बघतोस ना?' असे सगळ्यांसमोर विचारले. वर्ग हसला. तो म्हणाला, 'काय ना, सर.' मला वाटले, हा उद्धटपणा. प्रगतिपुस्तकावर मी लाल शाईने 'आळशी व बेफिकीर' असा शेरा लिहिला. मार्चमध्ये तो नापास झाला आणि जूनपासून दुसऱ्या शाळेत गेला. मी हजेरीपटावरच्या त्याच्या नावावर रेघ मारली आणि विसरून गेलो.

दोन वर्षांपूर्वी धारगळच्या फाट्यावर चहा-भाजीपावासाठी थांबलो होतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून त्या रस्त्याला भाड्याच्या गाड्यांची रीघ असते. अशाच एका गाडीचा चालक उतरून समोर आला. 'सर, वळखलें?' मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले, तेव्हा तो लाल शेरा डोळ्यांपुढे आला. माझ्या चहाचे पैसे त्यानेच दिले. मला देऊ दिले नाहीत. मग बोलता बोलता, कसलाही राग न ठेवता, त्याने त्या वर्षाची हकिकत सांगितली. तो कोंकणीत बोलला. मी माझ्या मराठीत मांडतो.

"बाबांनी ट्रक कर्जावर घेतला होता, सर. खाण बंद झाली आणि ट्रक फणसाखाली उभा राहिला. बँकेचे पत्र आले की आई बाबांच्या अंगावर ओरडायची. जेवण झाले की बाबा जाऊन ट्रकाच्या केबिनमध्ये बसायचे, काळोखात. मी खिडकीशी निजायचा. त्यांच्या विडीची ठिणगी दिसायची. ठिणगी दिसते तोवर बाबा आहेत. ती विझली, की मी उठून बसायचा, दुसरी पेटेपर्यंत. नाही पेटली तर अंगणात जाऊन खोकायचा, म्हणजे ते विचारतील, कोण रे? पहाटे ते आत यायचे. मग मी तुमच्या वर्गात झोपायचा."

चौदा वर्षांचा मुलगा रात्रभर बापावर पहारा देत होता, आणि मी त्याला विचारत होतो टीव्हीबद्दल!

"मग पुढे?" मी विचारले. त्याचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "आजीचे दयानंदचे पैसे येत होते, त्यावर तांदूळ यायचे. बाबांना त्याचीच लाज वाटायची, म्हाताऱ्या आईच्या पैशांवर जेवतो म्हणून. मग आईचे गृहआधारचे पैसे सुरू झाले. हजार रुपये. ट्रकाचे कर्ज त्याने थोडेच फिटणार? पण पोसऱ्यावरची उधारी फिटू लागली. पोसरेकार रस्त्यात अडवायचा, ते बंद झाले. आईचे ओरडणे कमी झाले. एके रात्री बाबा ट्रकाकडे गेलेच नाहीत, पडवीत निजले. त्या रात्री मी झोपलो, सर."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. गोव्यात वृद्ध, अपंग आणि निराधार स्त्रिया यांना दरमहा साहाय्य देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ साली सुरू झाली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे नाव तिला दिलेले आहे. गृहिणींसाठीची गृहआधार योजना २०१२ ची. सुरुवातीला हजार रुपये असलेले ते साहाय्य आज दीड हजार आहे. २०२४ साली महाराष्ट्रात 'माझी लाडकी बहीण' आली, तीही दीड हजारांचीच. म्हणजे पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंच्या माउल्यांच्या खात्यांत आता सारखीच रक्कम पडते. आणि दोन्ही बाजूंच्या शिक्षकांच्या खोल्यांत टीकाही सारखीच होते - 'फुकटचे पैसे देऊन लोकांना आळशी केले.' प्रांजळपणे सांगतो, हे वाक्य मीही चहाचा कप हातात धरून अनेकदा म्हटलेले आहे. निवडणुकांवर डोळा ठेवून योजना निघतात, हेही मला दिसते. पण धारगळच्या त्या दिवसानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

मास्तरकीची खोड म्हणून मग मी या विषयावर वाचू लागलो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९३ पासून ग्रामीण मुलांच्या मनःस्वास्थ्याचा एक अभ्यास चालू होता. एकूण १,४२० मुले. त्यांतली सुमारे चौथा हिस्सा चेरोकी या आदिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या जमिनीवर कसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा जमातीच्या प्रत्येक घरी जाऊ लागला. मांडवीतले कसिनो रोज पाहणाऱ्या आपणां गोवेकरांना यातली गंमत सांगायला नको. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पैशाने जी घरे दारिद्र्यातून वर आली, त्यांतल्या मुलांची भांडणे, उद्दामपणा, मोडतोड हे सारे कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतके झाले. का? संशोधकांनी जे मुख्य कारण काढले ते वाचून मी थबकलो. आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली, हे ते कारण! म्हणजे पैसा मुलाच्या मनाला थेट शिवत नाही. तो आईबापाचे डोळे मोकळे करतो, आणि ते डोळे मुलाकडे वळतात. मात्र मनातल्या मनात कुढणे आणि भीती यांवर तेव्हा तरी त्या पैशाचा परिणाम दिसला नव्हता. हेही ध्यानात ठेवायला हवे.

पैशाची दुसरी बाजू मला माझ्याच शाळेत दिसली. शाळेचे नाव, गाव, योजनेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. दहावीतली एक मुलगी भर तापात शाळेत आली. हात लावला तर चटका बसावा. 'बाय, घरी का राहिली नाहीस?' विचारले तर, 'काय ना, सर.' या वेळी मात्र मी तिथेच थांबलो नाही. बाईंना बोलावले, पेज मागवली, तिला बसते केले. बऱ्याच वेळाने ती बोलली. तिच्या नावावर एक शिष्यवृत्ती होती. हजेरीची अट होती. घरात त्या पैशांचा हिशेब आधीच मांडून झाला होता - इतके विजेच्या बिलाचे, इतके धाकट्याच्या वहीचे. "एक दिवस चुकला तर सगळ्यांचे जातील, सर." घरचा कर्ता पुरुष कोण, तर ही पंधरा वर्षांची पोर! आम्ही तिची हजेरी पाहून तिचे कौतुक करीत होतो.

आफ्रिकेतल्या मलावी देशात, झोंबा जिल्ह्यात, असाच अनुभव मोजून पाहिला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही मुलींच्या घरांना शाळेत जाण्याच्या अटीवर पैसे दिले होते, काहींना विनाअट. योजना चालू असताना विनाअट पैसे मिळणाऱ्या मुलींमधला मानसिक ताण ३८ टक्क्यांनी कमी आढळला. अटीच्या गटात १७ टक्क्यांनीच. शिवाय अटीवर पालकांना मिळणारी रक्कम जसजशी मोठी, तसतसा मुलीच्या मनाला होणारा फायदा आटत गेला. आणि योजना संपली, तसा तो फायदाही सरला. घर चालवणारा पैसा मुलाच्या गळ्यात बांधला, की तो लोढणे होतो. तोच आईच्या हातात, अटीविना, ठरल्या तारखेला पडला, तर मूल मूल राहू शकते. तारीख मी मुद्दाम म्हटली. कोणत्याही योजनेचा हप्ता लांबला, की पोसऱ्यावरची वही पुन्हा उघडते, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

मग पैसा मिळाला की झाले का? नाही. घरात पैसा असूनही कुढणारी मुले मी पाहिली आहेत. आपल्याकडे १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था गोव्यात काढली. मोठ्या पदव्या नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवून तयार केले, तर उदास झालेल्या किंवा दारूत बुडालेल्या माणसाला त्यांच्या बोलण्याने आधार मिळतो, हे तिने गोव्याच्या आरोग्य केंद्रांतून दाखवून दिले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' सेवाही आहे, दिवसरात्र, फुकट. तो क्रमांक आम्ही आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. पुसायचा नाही, असा नियम केला आहे.

मनाचे दुखणे म्हटले की आपण अजून आवाज खाली आणतो. वास्तविक, मनावर शब्दाचा परिणाम कसा होतो याचा शोध घेणारा आबे फारिया आपल्याच कांदोळीचा, १७५६ चा जन्म. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. आख्यायिका अशी, की तरुणपणी लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेला बाप हळूच कोंकणीत म्हणाला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' त्यासरशी मुलाची जीभ सुटली. शाळेत मी ही गोष्ट धीटपणाची म्हणून सांगत आलो. आता मला तिच्यात दिसतो तो बाप. मुलाच्या जवळ बसायला ज्याला सवड होती, असा बाप. बँकेच्या पत्राने ज्याचे लक्ष खाऊन टाकले आहे, तो बाप जवळ असूनही जवळ नसतो.

यंदा जूनपासून मी एक साधी वही ठेवली आहे. पहिल्या तासाला झोपणारी, डबा न आणणारी, एकाएकी गप्प झालेली मुले तीत नोंदतो. शेरा लिहीत नाही, फक्त तारीख. तीन तारखा झाल्या, की त्या घरी जातो. दयानंद, गृहआधार, जे बसत असेल त्याचा अर्ज आहे का, कुठे अडला आहे, ते विचारतो. अर्ज मी स्वतः भरून देतो. मग मुलाशी बोलतो, तेही बाकावर उभे करून नव्हे, शेजारी बसून.

परवा आठवीतला एक मुलगा पहिल्याच तासाला झोपला. मी त्याला उठवले नाही. मधल्या सुटीत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. 'काय ना, सर,' तो म्हणाला.

'बरं,' मी म्हटले, आणि बसून राहिलो. घंटा झाली तरी उठलो नाही.