ओळखीचं दार

डोळ्यांवर आभासी वास्तवाचा हेडसेट आहे आणि समोर संग्रहालयाचं एक दालन. अचानक आगीचा भोंगा वाजतो. दालनाला दोन दारं आहेत. एकातून तुम्ही आत आलात. दुसरं अजून वापरलेलं नाही. जवळच संगणकाने घडवलेला एक माणूस उभा आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात माक्स किनाटेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला हा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. माणसं ओळखीच्या दाराकडे झुकतात आणि शेजारचा काय करतो, त्यावरही त्यांची निवड हलते, असं त्यात दिसलं. शेजारचा तर खराही नव्हता!

हे वाचताना मला अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्यातला 'द स्टेशन' हा नाइटक्लब आठवला. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री तिथे रंगमंचावरच्या शोभेच्या दारूने भिंतीवरचा फोम पेटला. बाहेर पडायला आणखीही दारं होती, पण बरेच लोक आत आले होते त्याच मुख्य दाराकडे वळले. दीड मिनिटाच्या आत तिथे माणसांवर माणसं पडून वाट बंद झाली. १०० जण गेले.

अशा बातमीत 'घबराट उडाली' हे वाक्य ठरलेलं असतं. मला ते मेलेल्यांवर अन्याय करणारं वाटतं. जणू ते भान ठेवते तर वाचले असते! जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड करमणूक केंद्रातल्या १९७३ च्या आगीचा अभ्यास केला. त्या आगीत ५० माणसं मेली. साइमना दिसलं ते असं : कर्मचारी त्यांना माहीत असलेल्या आपत्कालीन दाराकडे गेले, पाहुणे आल्या वाटेकडे, आणि घरची माणसं एकमेकांना धरून राहिली. यात वेडेपणा कुठे आहे? धुरातही आई मुलाला शोधणारच.

उलट खरा घात कित्येकदा शांतपणे होतो. १९६८ साली लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत लोकांना कागद भरायला बसवून भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन तो कळवला. पण सोबत संशोधकांचे दोन सहकारी मुद्दाम ढिम्म बसवले, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर वारत समोरचा कागद भरत राहिले. आपण एकटेच उठलो तर कसं दिसेल, हा संकोच मला फार ओळखीचा आहे.

खरी आग लावून माणसं तपासता येत नाहीत, तशी तपासूही नयेत. म्हणून हा हेडसेट. त्यात आच लागत नाही, श्वास कोंडत नाही, आणि हे खोटं आहे हे मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक असतं. किनाटेडर आणि विल्यम वॉरन यांनी १५० जणांना घेऊन भोंगा वाजण्याचा एकच प्रसंग खऱ्या खोलीत आणि तिच्या आभासी प्रतिकृतीत घडवला. आभासी भोंग्याला लोक कमी दाद देत होते. तरी शेजारचा उठला की उठायचं, तो बसून राहिला की रेंगाळायचं, ही ओढ दोन्हीकडे सापडली. बसून राहणाऱ्याचा प्रभाव मात्र आभासी खोलीत सौम्य होता. एवढी मर्यादा ओळखून काम केलं तरी पुष्कळ हाती लागतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात आभासी बोगद्यात वेगवेगळे दिवे लावून पाहिले, तेव्हा आपत्कालीन दारापाशी निळ्यापेक्षा हिरवे किंवा पांढरे लुकलुकणारे दिवे सरस ठरले. हे शोधायला कुणाचा जीव पणाला लागला नाही.

मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत, २९ डिसेंबर २०१७ ला, १४ जण गेले. त्यांतले बरेच स्वच्छतागृहात गुदमरून. त्या क्षणी त्यांना तेच सुरक्षित वाटलं असणार. बाहेरची दुसरी वाट त्यांच्या पायाखालची नसावी.

आमच्या इमारतीचा मागचा जिना चोरांच्या भीतीने कुलूपबंद असतो. येत्या सभेत तो रोजच्या येण्याजाण्यासाठी खुला करा, असा ठराव मी मांडणार आहे. तिथे रखवालदार बसवावा लागेल, महिन्याचा खर्च वाढेल. तो मला मान्य आहे. मुलं त्याच जिन्याने खेळायला उतरोत, दूधवाला तिथून वर येवो.