जवळचे सविस्तर, दूरचे विश्वासाने

पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव अशा कितीतरी ठिकाणच्या घरांत आज एखादा मुलगा किंवा एखादी सून रात्री बारा वाजल्यानंतर कामाला बसते. काय काम आहे असे विचारले, तर "राउटरचे कॉन्फिगरेशन आहे," एवढेच उत्तर मिळते. वडीलधाऱ्यांचे त्या उत्तराने समाधान होत नाही, आणि पुढे काय विचारावे हेही त्यांना सुचत नाही. वास्तविक या कामाचा एक भाग असा आहे, की तो समजून घेण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही. शेजार, गाव, वेस आणि हमरस्ता हे चार शब्द ज्याला कळतात, त्याला तोही कळू शकतो.

राउटर म्हणजे वाटेवरचा मध्यस्थ. आपला निरोप, छायाचित्र किंवा बँकेचा व्यवहार लहान लहान पुडक्यांत विभागून निघतो, आणि प्रत्येक पुडके कोणत्या दिशेने पुढे धाडावे, हे वाटेतला प्रत्येक राउटर ठरवीत असतो. ही दिशा त्याला कळावी कशी? याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत ऐकीव माहितीची. "अमुक गाव माझ्यापासून तीन मुक्कामांवर आहे," असे शेजारी सांगतो. आपण त्यात एक मुक्काम मिळवितो आणि पुढच्याला सांगतो. दुसरी रीत स्वतःपुरते खरे सांगण्याची. प्रत्येक राउटर केवळ आपले शेजारी कोण आणि त्यांच्याकडे जाणारी वाट कशी आहे, एवढेच जाहीर करतो. ते निवेदन जसेच्या तसे सर्वांपर्यंत पोहोचते. अशी सारी निवेदने एकत्र करून प्रत्येकजण संपूर्ण प्रदेशाचा नकाशा स्वतः मांडतो आणि त्यावरून आपली वाट स्वतः काढतो. या दुसऱ्या रीतीला लिंक-स्टेट राउटिंग म्हणतात. आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेले अमेरिकेतील आर्पानेट आरंभी पहिल्या रीतीने चालत असे. १९७९ मध्ये त्याने दुसरी रीत स्वीकारली.

नकाशावरून सर्वांत जवळची वाट काढण्याचे गणित त्याहूनही जुने आहे. १९५६ मध्ये नेदरलँड्सचे एड्सखर डाइकस्ट्रा आपल्या वाग्दत्त वधूसह ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पीत बसले असता, कागद-पेन्सिल हाती न घेता सुमारे वीस मिनिटांत त्यांना ते सुचले. एका नव्या संगणकाचे सामर्थ्य सामान्य माणसांनाही कळेल अशा उदाहरणाने दाखवायचे होते, म्हणून त्यांनी आपल्या देशातील ६४ गावांचा नकाशा घेतला होता. १९५९ मध्ये ते गणित प्रसिद्ध झाले, आणि आज जगभरातील राउटर तेच गणित अहोरात्र सोडवीत असतात.

परंतु नुसते गणित बरोबर असून भागत नाही. ज्या निवेदनांवर ते उभे आहे, ती शुद्ध असावी लागतात. याचा धडा २७ ऑक्टोबर १९८० रोजी मिळाला. आर्पानेटमधील प्रत्येक निवेदनावर एक क्रमांक असे, आणि मोठा क्रमांक म्हणजे ताजे निवेदन असा संकेत होता. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होत. त्या दिवशी एका यंत्रातील बिघाडामुळे काही अंक गळून पडले, आणि एकाच राउटरची ४४, ४० आणि ८ अशा तीन क्रमांकांची निवेदने एकाच वेळी फिरू लागली. वर्तुळात मोजले असता ४० पेक्षा ४४ नवे, ४४ पेक्षा ८ नवे आणि ८ पेक्षा ४० नवे ठरे! प्रत्येक यंत्र प्रामाणिकपणे जुने टाकून नवे स्वीकारीत राहिले आणि पुढच्यांना देत राहिले. त्या वर्तुळाला अंत नव्हता. काही तास संपूर्ण जाळे ठप्प झाले. कोणीही खोटे बोलले नव्हते, कोणीही आळस केला नव्हता. जुने कोणते आणि नवे कोणते हे ठरविण्याची रीतच सदोष होती.

या दोषावरचा उपाय रेडिया पर्लमन या विदुषीने १९८३ मधील आपल्या निबंधात मांडला. क्रमांक वर्तुळात न फिरता सरळ वाढत जावेत, आणि प्रत्येक निवेदनाला आयुष्याची मर्यादा असावी, म्हणजे चुकीची माहिती शिरली तरी ती काळाच्या ओघात आपोआप नाहीशी होईल, हे त्याचे सार होते. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील कामातून आयएस-आयएस ही राउटिंगची पद्धत आकाराला आली, तिच्यात हेच तत्त्व आहे. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'मध्यस्थ ते मध्यस्थ' असा आहे. १९९० मध्ये ती इंटरनेटच्या पत्त्यांसाठी वापरण्याची रीत निश्चित झाली आणि १९९२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदनाचे आयुष्य सामान्यतः २० मिनिटांचे असते आणि ते दर १५ मिनिटांनी नव्याने जाहीर केले जाते. जो आपले निवेदन ताजे ठेवीत नाही, तो इतरांच्या नकाशावरून हळूहळू पुसला जातो.

जाळे वाढले की एक निराळीच अडचण उभी राहते. सर्वांना सर्वांचे सर्व काही ठाऊक असावे, हे ऐकायला उदात्त वाटते. पण मग एका कोपऱ्यातील एक तार निखळली, तरी हजार राउटरांना आपला नकाशा पुन्हा मांडावा लागतो. म्हणून आयएस-आयएसमध्ये ज्ञानाच्या दोन पातळ्या केल्या आहेत. लेव्हल-१ चा राउटर म्हणजे गावातला रहिवासी. आपल्या गावातील, म्हणजे आपल्या एरियातील, प्रत्येक गल्लीबोळ त्याला पाठ असतो. गावाबाहेरचे त्याला काही ठाऊक नसते. लेव्हल-२ चा राउटर हमरस्त्यावरचा. कोणते गाव कोणीकडे आहे हे तो जाणतो, पण त्या गावातल्या गल्ल्यांशी त्याला कर्तव्य नसते. आणि लेव्हल-१-२ चा राउटर वेशीवरचा. त्याच्याजवळ दोन्ही नकाशे असतात, आणि तो ते वेगवेगळे सांभाळतो.

रात्रीचे काम येथे सुरू होते. प्रत्येक राउटरला एक पत्ता द्यायचा असतो, ज्याच्या पहिल्या भागात एरियाचा क्रमांक असतो. दोन राउटर लेव्हल-१ चे शेजारी व्हायचे असतील, तर त्यांचा एरिया एकच असावा लागतो. लेव्हल-२ ला ही अट नाही. एरियाच्या क्रमांकात एक आकडा चुकला, तर केवळ लेव्हल-१ वर चालणाऱ्या दोन राउटरांमध्ये तार जोडलेली असते, दिवा हिरवा असतो, आणि तरीही शेजार जुळत नाही. उलट, अनेक राउटर मुळात दोन्ही पातळ्यांवर चालू अवस्थेत येतात. ते तसेच सोडून दिले तर वरवर सारे सुरळीत चालते. मात्र प्रत्येकजण दोन्ही नकाशे वाहतो, दोन्ही गणिते सोडवितो, आणि पातळ्या ज्यासाठी केल्या तो हेतूच लयास जातो. म्हणून कोण रहिवासी, कोण वेशीवरचा आणि कोण हमरस्त्यावरचा, हे एकेकाबाबत विचार करून ठरवावे लागते.

यात सर्वांत नाजूक गोष्ट हमरस्त्याची. लेव्हल-२ ची साखळी अखंड असावी लागते. मधल्याच एखाद्या राउटरला अनवधानाने केवळ लेव्हल-१ केले, तर हमरस्त्याचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे आपापल्या जागी धडधाकट असतात. वेशीवरचा राउटर दुसऱ्या एखाद्या गावाशी जोडलेला असल्यामुळे "माझ्याकडून बाहेर जाता येते," अशी खूण दाखवीतच राहतो. ॲटॅच्ड बिट नावाची ही खूण पाहून रहिवासी विश्वासाने आपली पुडकी त्याच्याकडे सोपवितात, आणि दुसऱ्या तुकड्याकडे निघालेली पुडकी तेथून पुढे कोठेच जात नाहीत. त्या पुडक्यांत एखाद्या रुग्णाचा तपासणी-अहवाल असू शकतो, परदेशातील मुलाचा आईशी चाललेला संवाद असू शकतो. दोन शब्दांच्या आज्ञेचे मोल एवढे आहे.

दूरचे विश्वासाने घेण्याचीही एक किंमत असते. रहिवासी नेहमी जवळची वेस पाहतो; परंतु जवळची वेस ही इष्ट स्थळी जाणारी जवळची वाट असेलच असे नाही. पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडून गावाला वळसा घालीत पश्चिमेला जावे, असेही घडते. त्यावर उपाय म्हणून वेशीवरचा राउटर हमरस्त्यावरील निवडक माहिती गावात कळवू शकतो. मात्र अशा माहितीवर 'ही वरून खाली आली आहे' अशी खूण असते, आणि तशी खूण असलेली माहिती दुसऱ्या वेशीने पुन्हा वर पाठवायची नसते. नाहीतर आपणच सांगितलेली गोष्ट फिरून आपल्याच कानी येते आणि ती नवी वार्ता वाटते. ऐकीव गोष्ट कोठून आली हे लक्षात न ठेवल्याने माणसांच्या जगात किती कलह होतात, हे वाचकांना सांगावयास नको.

या साऱ्या व्यवस्थेतील एक सोय विशेष मनोज्ञ आहे. एखादा राउटर नुकताच सुरू झाला असेल, त्याचा नकाशा अपुरा असेल किंवा त्याची स्मरणशक्ती भरून गेली असेल, तर तो आपल्या निवेदनात ओव्हरलोड बिट लावतो. त्याचा अर्थ असा, की "माझ्या दारी येणाऱ्यांनी यावे, पण तूर्त माझ्यावरून पुढची वाट काढू नये." इतर राउटर तत्काळ दुसरी वाट धरतात. त्याला कोणी जाळ्यातून बाहेर काढीत नाही. त्याची स्थिती सावरली की तो खूण काढून घेतो आणि वाहतूक पुन्हा त्याच्यावरून सुरू होते. आपली मर्यादा वेळेवर सांगणारा सदस्य जाळ्याला ओझे होत नाही. ती लपवून ठेवणारा मात्र इतरांची पुडकी हरवून बसतो.

आपल्या अंगणाची बारकाईने खबर ठेवणे, ती जशी आहे तशी सांगणे आणि वारंवार ताजी करणे, आणि दूरच्या गोष्टींसाठी वेशीवरच्यावर विसंबणे, एवढ्यावर हे अफाट जाळे उभे आहे. त्यात वेशीवरच्याची जबाबदारी सर्वांत मोठी. कारण आतल्यांना बाहेरचे दिसत नाही, बाहेरच्यांना आतले दिसत नाही, आणि दोघेही त्याच्या शब्दावर चालतात.